तुर्कीतलं ‘पाहिजे’ शिकताना

अंकाऱ्यात तुर्की शिकायला लागून तीनेक महिने झाले होते. मला दवाखान्यात जायचं होतं आणि शेजारच्या तेय्झे, म्हणजे मावशी, सोबत यायला निघाल्या. ‘तुम्ही यायची गरज नाही’ म्हणायला गेले आणि तोंडून निघालं, ‘गेल्मेमेलिसिनिझ’. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं होतं, ‘तुम्ही येता कामा नये’! म्हणायचं होतं ‘गेल्मेनिझे गेरेक योक’, तुमच्या येण्याची गरज नाही.

चूक कुठून आली? मी मनात इंग्रजी वाक्य रचून त्याचं तुर्की करत होते. मराठीतून गेलात तर वाट सरळ आहे. ‘गित्मेम लाझम’ फोडून बघा: गित् म्हणजे जा, मे म्हणजे णं, म म्हणजे माझं. माझं जाणं गरजेचं. ‘गित्मेन लाझम’ म्हणजे तुझं जाणं. म्हणून नवख्यांनी सुरुवात याच रचनेने करावी असं मला ठामपणे वाटतं. घरीदारी सतत हीच कानावर पडते. कचेरीत लाझमच्या जागी गेरेकियोर येतं: ‘फॉर्मु दोल्दुर्मानझ गेरेकियोर’, तुम्हाला फॉर्म भरावा लागेल.

मेली हा प्रत्यय थेट धातूला लागतो. गित्मेलियिम, मी जायला हवं. इथे बोलणाऱ्याचं स्वतःचं मत किंवा मनाची टोचणी असते. धातूत आ, ओ, उ असे स्वर असले की मेलीचं माल होतं: यापमालयम, मी करायला हवं. ‘एव्दे ओल्माल’ म्हणजे तो घरी असावा. आपल्या ‘असावा’सारखा हाही अंदाज सांगतो, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

बाहेरून सक्ती असेल तर झोरुन्दा. यातला झोर फारसीतून आलेला, आपल्या ‘जोर’चा सख्खा भाऊ. ‘गित्मेक झोरुन्दायम’, मला जाणं भाग आहे. ‘झोरुन्दा देयिलिम’ म्हटलं की जायलाच पाहिजे असं नाही. ‘झोरुन्दा काल्दम’ म्हणजे जावं लागलं, आणि गेलेही. उलट ‘गित्मेलिय्दिम’ म्हणजे जायला हवं होतं, पण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींचं दार वाजवलं आणि म्हटलं, ‘ओय्ले देमेमेलिय्दिम.’ मी तसं म्हणायला नको होतं.