हौसेनं चित्रं काढताय? या चुका टाळा

माझं चित्र काढणं इंटरमिजिएटच्या परीक्षेपाशी थांबलं होतं. ‘बी’ ग्रेड मिळाली, आईनं पेढे वाटले आणि रंगपेटी माळ्यावर गेली ती तीस वर्षं. महाराष्ट्रात माझ्यासारखे पुष्कळ असतील. आता वय पन्नाशीला टेकलंय. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि गेली पाच वर्षं कामावर जायच्या आधी तासभर जलरंगात चित्रं काढतो. बरी येतात, कधी कधी. या पाच वर्षांत किती कागद वाया घालवला ते हिशेबनीस असूनही मोजलेलं नाही. तो का वाया गेला, हे मात्र आता बरंचसं कळलंय. तेवढं इथं मांडतो.

आभाळाला पट्टे पडतात

पहिल्याच उन्हाळ्यात सिद्धेश्वर तळ्याचं चित्र करायला बसलो. एप्रिल महिना, सुट्टीचा दिवस, दुपारचे बारा. वरून निळा रंग लावत खाली येईपर्यंत वरचा वाळून खडखडीत. त्यावर पुन्हा हात फिरवला, तोही वाळला. शेवटी आभाळभर आडवे पट्टे. शेजारच्या मित्राचा जन्म यंत्रमागावर गेलाय. त्यानं चित्र बघितलं आणि म्हणाला, “काय बे, आभाळ मागावर विणलास काय?”

मला वाटलं, हात बसला नाही. हात बसला नव्हताच, पण निम्मा दोष हवेचा होता. जलरंगाची बरीचशी पुस्तकं आणि व्हिडिओ थंड, दमट हवेतल्या लोकांनी केलेले असतात. ‘रंग ओला आहे तोवर दुसरा सोडा’ असं ते निवांत सांगतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर आणि हवा कोरडी ठाक. ब्रश उचलून परत टेकवेपर्यंत ‘ओला आहे तोवर’ संपलेलं असतं.

सगळ्यात आधी डोक्यावरचा पंखा बंद करा. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि पंख्याखाली बसून मी तीन महिने स्वतःला दोष देत होतो. कूलरचा झोतही कागदावर नको. मग कागद मागून-पुढून ओला करून फळीवर चिकटवा. मागचं पाणी पुढच्या बाजूला ओलावा पुरवत राहतं. लागेल त्याच्या दुप्पट रंग आधीच वाटीत कालवून ठेवा, कारण मध्येच कालवायला थांबलात की तिथं पट्टा पडलाच. ब्रश एक इंची चपटा, फळी जराशी तिरकी, आणि शक्यतो सकाळी सहाची वेळ.

याच्या उलट चूकही मी भरपूर केली. रंग अर्धवट वाळलेला असताना ‘इथं थोडं बिघडलंय’ म्हणून ओला ब्रश टेकवायचा, आणि बघता बघता तिथं फुलकोबी उमलायची. जादा पाणी आतला रंग कडेला ढकलतं, म्हणून ती वेडीवाकडी किनार येते. कागद डोळ्यांच्या रेषेत तिरका धरून बघा. चकाकी असेल तर काम करता येतं. चकाकी गेली, पण बोटांच्या मागच्या बाजूला कागद गार लागतोय, तर हात खिशात. कोबी उमललीच, तर चित्र पूर्ण वाळू द्या आणि नंतर तो सगळा भाग स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं ओला करून वरून एक पातळ थर द्या. पूर्ण जात नाही. झाड काढून झाकता येते.

अॅक्रिलिकवाल्यांचं दुखणं वेगळं, त्यांचा रंग पॅलेटवरच मरतो. झाकणाच्या पसरट डब्यात ओला टिश्यू अंथरा, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्यावर काढा. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

कागदाचा पापड

काटकसर म्हणून मी वर्षभर साध्या कार्ट्रिज कागदावर काम केलं. पाणी लागलं की तो पापडासारखा फुगायचा आणि रंग खळग्यांत जाऊन बसायचा. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जलरंगाचा कागद घ्या. २२ × ३० इंचांचा मोठा ताव घेऊन कापला तर ११ × ७.५ इंचांचे आठ तुकडे होतात, आणि तासाभरात पुरं होईल असं चित्र तेवढ्याच आकाराचं असतं. फसलं तर मागची बाजू आहेच. उलट टोकही वाईट. शंभर टक्के सुती, महागाचा कागद आणला तेव्हा त्याला हात लावायची हिंमत होईना, आठ महिने तो कपाटात पडून होता. कसर लागायच्या आत वापरला, एवढंच.

आधीच फुगलेलं चित्र सरळ करायचं असेल तर मागच्या बाजूनं ओल्या स्पंजनं पुसा, दोन कोऱ्या कागदांत ठेवा आणि वर दोन दिवस वजन ठेवा. माझ्याकडं त्याला जुन्या खतावण्या आहेत.

चिखल कुठून येतो

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी. एकाच पेल्यात ब्रश बुचकळत राहायचो आणि पिवळ्या फुलावर हिरवट-करडी साय यायची. आता दोन भांडी ठेवतो, एक पहिल्या धुण्याला, दुसरं स्वच्छ. ब्रश पाण्यात घालायच्या आधी टॉवेलच्या तुकड्याला पुसतो, त्यानं निम्मं पाणी वाचतं. कारखान्यात बाद मालाचे तुकडे मिळतात. आपल्या टेरी टॉवेलइतकं चांगलं रंगाचं फडकं मी अजून बघितलं नाही. गढूळ झालेलं पाणी कुंडीत ओतू नका, काही रंगांत कॅडमियम आणि कोबाल्ट असतं.

चिखलाचं दुसरं कारण ट्यूबमध्येच असतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. अल्ट्रामरीनचा पीबी २९, बर्न्ट सिएनाचा बहुधा पीबीआर ७. काही ट्यूबांवर दोन-तीन क्रमांक दिसतील, सॅप ग्रीन तर बहुतेक वेळा मिश्रणच असतो. असले दोन रंग एकत्र केले की वाटीत पाच-सहा द्रव्यं जमा होतात, आणि मग चिखल होणारच. सावलीसाठी काळा तर पेटीतून काढूनच टाका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा येतो त्यात हवा खेळते. निळा जास्त घातला तर गार, तपकिरी जास्त घातला तर उबदार.

विषयाच्या शोधात रविवार घालवणं

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक ही. दोन वर्षं दर रविवारी गाडीला सामान बांधून मी भुईकोट किल्ला, कंबर तलाव, सिद्धेश्वर असा फिरलो. एकदा महापालिकेच्या इंद्रभुवनसमोर बसलो. त्या इमारतीचं नक्षीकाम बघायला सुंदर आहे, काढायला बसलं की माणूस मेटाकुटीला येतो. ऊन चढायचं, लोक जमायचे, “आमचं काढा की” म्हणायचे, आणि निम्म्या वेळा मी कोरा कागद घेऊन घरी. विषय मोठा पाहिजे, नावाचा पाहिजे, असं डोक्यात बसलेलं.

एका पावसाळी आठवड्यात बाहेर पडता येईना. समोर ताटलीत कडक भाकरी होती. तीच काढली.

भाकरी पांढरी असते असं आपण धरून चालतो. दहा मिनिटं बघत बसलो तर निव्वळ पांढरी जागा नखाएवढीसुद्धा सापडली नाही. ज्वारीचा राखी-पिवळा रंग, फुगून उठलेल्या पापुद्र्यावर तपकिरी ठिपके, एक ठिपका जवळपास काळा. वाळताना वर वळलेली कड, आणि त्या कडेखाली ताटलीवर पडलेली निळसर सावली. तुटलेल्या टोकाशी दोन थर वेगळे झालेले, त्यांच्यामध्ये केसाएवढी फट. त्या फटीवर माझी दहा मिनिटं गेली. सगळं चित्र चाळीस मिनिटांत झालं आणि चहा गार झाला तरी कळलं नाही. किल्ल्याच्या एकाही चित्रात हे झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेंगांच्या चटणीची वाटी. बर्न्ट सिएनात थोडा लाल, आणि कोरड्या ब्रशचे रखरखीत फटकारे. मग घडी घातलेली चादर घेतली आणि तिथं नेहमीची चूक केली, नक्षीतलं एकेक फूल काढत बसलो. दोन सकाळी गेल्या आणि हाती आला तो डिझाइनचा नमुना, चादर नव्हे. तिसऱ्या दिवशी डोळे किलकिले करून बघितलं. फुलं गेली आणि गडद, मध्यम, फिकट असे तीनच तुकडे उरले. जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीत एका बाजूला जो रंग जमिनीचा, तो दुसऱ्या बाजूला फुलाचा होतो. ज्या घरात रोज चादर अंथरली जाते त्या घरात पन्नास वर्षं राहून मला हे चित्र काढताना दिसलं. घडी जिथं उलटते तिथं रंगांची अदलाबदल केली की झालं, सावली न टाकताही घडी दिसते.

तेव्हापासून कामावर जाताना डोळ्यांना काम लागलंय. मागाशेजारच्या टोपलीतल्या रिकाम्या कांड्या, टॉवेलच्या काठाची एक लाल रेघ, दुपारी शेडच्या पत्र्यातून जमिनीवर पडणारे उन्हाचे रुपये. खिशात पोस्टकार्डाएवढी वही आणि एक पेन्सिल असते. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं पुरतात.

पांढऱ्याची घाई

परीक्षेच्या वेळी आमचे सर सांगायचे, कागद कुठं मोकळा सोडू नका. ती सवय जलरंगात घात करते. इथं पांढरा म्हणजे कोरा कागद, आणि तो आधीच राखून ठेवावा लागतो. एकदा रंग चढला की वरून पांढरा लावून ती जागा परत मिळत नाही, खडू फासल्यासारखी दिसते.

मला हे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेनं शिकवलं. संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, मिरवणुकीनं निघतात आणि त्यांच्यामागं बाराबंदी घातलेली पांढरीशुभ्र माणसं. पहिल्या वर्षी माणसं आधी काढली, मग त्यांच्याभोवती रंग भरला. प्रत्येकाला काळी कड, सगळी कागदातून कापून चिकटवल्यासारखी. पुढच्या वर्षी माणसं काढलीच नाहीत. मागची दुकानं, झाडं, रस्त्यावरची सावली रंगवली आणि माणसांच्या जागा तेवढ्या सोडल्या. डोक्यांचे ठिपके दिले आणि खांद्याखाली एकेक निळसर रेघ. गर्दी उभी राहिली. हे घरी येऊन, आठवणीतून केलं. मिरवणुकीत रंग घेऊन बसायचं म्हणाल तर धक्क्यात पाणी सांडतं, पेन्सिलवर भागवा.

फोटोवरून काढणं

वाईट नाही, पण कॅमेरा उन्हातली सावली बऱ्याचदा काळीकुट्ट करून टाकतो. प्रत्यक्षात तिच्यात भिंतीचा, मातीचा, आभाळाचा रंग असतो. फोटो घ्याच, पण शेजारी शब्दांत टिपून ठेवा: ‘सावली जांभळट, खाली लालसर’.

काही किरकोळ, एक गंभीर

ब्रश पाण्यात उभा सोडून उठू नका. टोक वाकतं आणि केस धरणाऱ्या पत्र्याच्या नळीत पाणी शिरून ब्रश खिळखिळा होतो. ट्यूबचं झाकण अडकलं तर पक्कड लावायच्या आधी गरम पाण्यात मिनिटभर धरा. फ्रेम करताना काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. माझं एक चित्र काचेला चिकटून गेलंय.

आता गंभीर. जवसाच्या तेलात रंग कालवणाऱ्यांनी तेलानं भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळ्यात ती उष्णता अडकते आणि काडी न लावता आग लागू शकते. आपल्या उन्हाळ्यात तर हा खेळ नकोच. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

रंग उडतो तेव्हा

पहिल्या वर्षी बहिणीला गुलाबाचं चित्र दिलं होतं. दोन वर्षांत गुलाब राखी झाला आणि पानं तशीच हिरवी. अॅलिझरिन क्रिम्सन, पीआर ८३, उन्हात टिकत नाही. नवीन रंग आणला की मी आता कागदाच्या पट्टीवर त्याचा पट्टा ओढतो, अर्धा पट्टा जाड पुठ्ठ्यानं झाकतो आणि पट्टी दक्षिणेच्या खिडकीत तीन महिने लावून ठेवतो. पुठ्ठा काढला की दोन्ही भाग शेजारी शेजारी दिसतात. ही तपासणी करायला सोलापूरसारखं गाव नाही.

एक सल्ला नातेवाइकांबद्दल. चित्रं काढता म्हटल्यावर कुणीतरी सांगणारच की चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्याच जिल्ह्यातले, १९१५ साली पंढरपुरात जन्मले आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत मोठे झाले. खरं आहे. त्यावर मान हलवा. पाठोपाठ नातवाचा फोटो पुढं येतो आणि ‘एवढं काढून दे’. पहिल्याला हो म्हणालात की रविवार गेले. मी भाकरी काढून देतो म्हणतो, मग आग्रह होत नाही.

भाकरीचं ते पहिलं चित्र स्वयंपाकघरात लावलंय. आई बरेच दिवस काही बोलली नव्हती. परवा चष्मा लावून जवळ गेली आणि म्हणाली, “कुणी भाजली ही? करपलीय की.” तो जवळपास काळा ठिपका. मी चित्र उतरवलं, ओल्या ब्रशनं ठिपका भिजवला, टॉवेलच्या तुकड्यानं टिपला, पुन्हा भिजवला, पुन्हा टिपला. निम्मा गेला. आईनं लांबूनच बघितलं, “आता चालंल,” म्हणाली आणि पोळपाटाकडं वळली.