आमच्यात चालतं, बाई

चौथीच्या वर्गात मधल्या सुट्टीत भांडण झालं ते तिसऱ्यांवरून, म्हणजे खायच्या शिंपल्यांवरून. ठाण्याजवळच्या कौशातल्या एका मुलीच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांचं सुकं होतं. शेजारच्या मुलाने नाक मुरडलं, "शी, मुसलमान शिंपल्या खात नाहीत. हराम असतं ते." मुलगी तडकली, "माझी दादी पाच वेळा नमाज पढते आणि तिसऱ्या पण तीच साफ करते!" दोघंही माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

मी नोकरीत नवी. डी.एल.एड., म्हणजे शिक्षकाची पदविका, होऊन जेमतेम वर्ष झालेलं. मी निवाडा दिला, तोही त्या मुलाच्या बाजूने, कारण तो ठामपणे बोलत होता आणि मला स्वतःला काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दादी शाळेत आल्या. आवाज चढवला नाही. "बाई, आम्ही शाफई. आमच्यात चालतं. तुम्ही विचारायचं तरी," एवढंच म्हणाल्या आणि नातीचा डबा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

मुंब्रा, कौसा, राबोडी, कळवा या पट्ट्यात शिकवायला येणाऱ्या नव्या शिक्षकांना मी हा प्रसंग आधी सांगते. आपण दुसऱ्या धर्मांची ओळख करून द्यायला जातो आणि त्या धर्माचं एकच ठोकळेबाज चित्र हातात घेऊन जातो. वर्गात बसलेली पोरं मात्र त्या चित्रात मावत नाहीत.

दादींच्या त्या वाक्यामुळे मी वाचायला लागले. सुन्नी मुसलमानांत चार मोठे पंथ आहेत. हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली. श्रद्धा तीच, पण रोजच्या आचाराचे नियम लावताना चार वाटा. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, उत्तर भारतातले बहुतेक हनफी. हनफी मतात पाण्यातल्या जिवांपैकी मासा तेवढा चालतो, शिंपल्यातलं नाही. शाफई मतात तिसऱ्या चालतात. कोळंबीला मासा म्हणायचं का, यावर तर हनफींमध्येच दोन मतं आहेत. म्हणजे त्या दिवशी दोन्ही पोरं आपापल्या घरचं बरोबर सांगत होती. चुकले होते ती मी.

हे चौथीला सांगायचं कसं? 'पंथ', 'फिकह' (धर्माचे आचारनियम) असले शब्द फळ्यावर लिहिलेत तर पोरं जांभया देतील. मी नकाशा काढला. एक निळी रेघ येमेनच्या किनाऱ्यापासून कोकणाला, तिथून खाली केरळला आणि पुढे इंडोनेशियाला. अरब व्यापारी गलबतांनी आले, त्यांच्याबरोबर या किनाऱ्यांवर शाफई रीत आली. दुसरी तांबडी रेघ मध्य आशियातून दिल्लीकडे. त्या खुश्कीच्या वाटेने हनफी रीत आली. एका पोराने लगेच निष्कर्ष काढला, "म्हणजे बोटीतून आले म्हणून मासे, घोड्यावरून आले म्हणून मटण!" हसू आलं, पण तिथेच थांबवलं. कारण तसं नाही, आणि असं चटपटीत चुकीचं वाक्य पोरं वर्षभर विसरत नाहीत.

दोन्ही रेघा एका वर्गात कशा आल्या, हेही आपल्याला ठाऊक असावं. कौसा हे जुनं गाव, तिथे कोकणी मुसलमानांची पिढ्यानपिढ्यांची घरं. मुंब्र्याची वस्ती वाढली ती मुख्यतः १९९२-९३च्या दंगलीनंतर, मुंबईतून उठून आलेल्या कुटुंबांमुळे. हा भाग पोरांना सांगायचा नाही. पण एखादी आई सहीच्या कागदाकडे संशयाने बघते तेव्हा तुम्हाला तो आठवायला हवा.

त्यानंतर मी वर्गात 'सगळे' या शब्दाला बंदी घातली. 'सगळे मुसलमान', 'सगळे बौद्ध' असं वाक्य सुरू झालं की पोरंच ओरडतात, "काही! काही!" हा नियम मला मात्र उशिराच लागू झाला. मोहरमला मी फळ्यावर रंगीत खडूने 'हार्दिक शुभेच्छा' लिहिल्या. हिजरी वर्षाचा पहिला महिना, म्हणजे नववर्ष, असा माझा हिशोब. शिया घरातल्या एका मुलीने हळूच विचारलं, "बाई, आमच्या घरी तर रडतात. शुभेच्छा कसल्या?" इ.स. ६८०मध्ये करबला इथे पैगंबरांचे नातू इमाम हुसैन मारले गेले, त्याचं ते दुःख. लढाईचं वर्णन या वयात नको. 'त्यांच्या आवडत्या माणसाची आठवण' एवढं पुरतं. फळा मी तिलाच पुसायला दिला.

इथे आणखी एक सावधगिरी. त्या मुलीला उभं करून "सांग गं, तुमच्यात काय काय करतात" असं विचारू नका. नऊ वर्षांचं पोर अख्ख्या समाजाचं वकीलपत्र घेऊन शाळेत येत नाही. आपणहून बोललं तर ऐकायचं.

"मग बाई, खरं कोणाचं?" हा प्रश्न येणारच. मी सांगते, "त्याचा निकाल शाळेत लागत नाही. कोणाच्या घरी काय असतं, एवढंच आपण शिकतो." ही पळवाट नाही. संविधानाच्या २८व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्माविषयी माहिती देणं वेगळं, धर्म शिकवणं वेगळं. मुख्याध्यापकांनी किंवा पालकांनी हटकलं तर हा फरक शांतपणे सांगता आला पाहिजे. म्हणूनच वर्गात नमाजाची नक्कल नाही, भिक्खूची वेशभूषा नाही.

बौद्ध धर्माच्या वेळी मी शहाणी झाले असेन असं वाटत असेल तर तसंही नाही. 'बुद्धाचं चित्र किंवा मूर्ती आणा' म्हटलं. एकाने गिफ्ट शॉपमधला ढेरपोट्या लाफिंग बुद्धा आणला. पहिल्या बाकावरचा मुलगा लालबुंद झाला, "ही आमच्या बुद्धाची चेष्टा आहे!" त्याच्या घरात भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. राग समजण्यासारखा होता. आणणाऱ्याची चूकही नव्हती. तो हसरा म्हणजे बुदाई, चीनमधला एक भिक्षू. तिथे त्याला पुढे येणाऱ्या मैत्रेय बुद्धाचं रूप मानतात. गौतम बुद्ध वेगळे. हे सांगितल्यावर दोघांचंही समाधान झालं आणि बुदाई खिडकीत जाऊन बसला.

पुस्तकांत आणि चार्टवर बौद्ध म्हटलं की तिबेटी लामा किंवा थायलंडचे भिक्खू. तिबेटचा वज्रयान, थायलंडचा थेरवाद आणि चीन-जपानकडचा महायान, हे सगळे बौद्ध पंथ खरेच. पण २०११च्या जनगणनेत देशात ८४ लाख बौद्ध, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. कळव्याच्या चाळीतल्या पोराचा बौद्ध धर्म म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बावीस प्रतिज्ञा, पांढरे कपडे, बुद्धपौर्णिमेची खीर. त्याला चार्टवर स्वतःचं घर दिसत नाही. म्हणून मी सुरुवात तिथून करते आणि मग बाहेर जाते. जपानमध्ये बुद्धजयंती ८ एप्रिलला असते, म्हणजे बाबासाहेबांच्या जयंतीच्या आठवडाभर आधी, हे सांगितलं की डोळे मोठे होतात. फळ्यावर मी एकदा 'बौद्ध शाकाहारी असतात' लिहिलं होतं, तेव्हा अर्धा वर्ग रविवारच्या मटणावर बोलायला लागला. काही बौद्ध शाकाहारी असतात, इतकंच.

सहल काढायची तर कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांची काढा. ठाण्याहून घोडबंदर रोडने बोरिवली, तिथून राष्ट्रीय उद्यान. सोमवारी उद्यान बंद असतं, आधी बघून घ्या. शंभराहून अधिक लेणी आहेत, सगळी दाखवायच्या फंदात पडू नका. तीन क्रमांकाच्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, आत स्तूप आणि बाहेर वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती. एकेचाळीस क्रमांकात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. स्तूपापासून त्या अकरा मुखांपर्यंत शतकं गेली, आणि तो बदल पोरांना पुस्तकाशिवाय दिसतो. एकेचाळीस वर चढून आहे, तिथे डबा खायच्या आधी न्या. नंतर पाय उचलत नाहीत.

गेल्या खेपेला चैत्यगृहात शिरल्याबरोबर निम्मी पोरं आवाज घुमतो का ते बघायला लागली. तो पहिल्या बाकावरचा मुलगा स्तूपापुढे हात जोडून हळू आवाजात त्रिशरण, ही बौद्ध प्रार्थना, म्हणू लागला. मी त्याला म्हण असंही सांगितलं नव्हतं, नको असंही नाही. घुमवणाऱ्यांना पाच मिनिटं बाहेर काढलं आणि पाण्याच्या टाक्या मोजायला लावल्या.