घरच्या टीव्हीवर सिनेमा पूर्ण चौकटीत कसा पाहावा

सिनेमा सुरू झाला आणि वरखाली काळे पट्टे दिसले, की घरातले कोणीतरी लगेच रिमोट उचलून ‘झूम’ दाबते. पडदा भरतो खरा, पण चित्र कापले जाते. आजचा टीव्ही १६:९ आकाराचा, म्हणजे उंचीच्या १.७८ पट रुंद असतो, तर सिनेमास्कोप चित्रपटाची रुंदी उंचीच्या सुमारे २.३९ पट असते. तो झूमने पडदाभर मोठा केला, तर दोन्ही बाजूंचे मिळून जवळजवळ पाव चित्र बाहेर जाते. जुन्या ४:३ टीव्हींसाठी काढलेल्या फुलस्क्रीन आवृत्त्यांत तर चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र जात असे, आणि दोन पात्रे दोन टोकांना उभी असली की त्यांतले एक केवळ आवाजापुरते उरे.

म्हणून आधी चित्रपटाचा मूळ आकार पाहावा. ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट; त्याआधीचे आपले बहुतेक चित्रपट, प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) धरून, जवळजवळ चौकोनी आहेत. ते लावल्यावर पट्टे डावी-उजवीकडे येतात, आणि तेही तसेच राहू द्यावेत.

त्यानंतर सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये १६:९ निवडावे आणि ‘स्ट्रेच’ बंद करावे. मग टीव्हीच्या ‘पिक्चर साइझ’मध्ये जाऊन ‘ओरिजिनल’, ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ यांपैकी जो पर्याय असेल तो घ्यावा; नावे कंपनीगणिक बदलतात. हे केले नाही, तर काही टीव्ही चारही कडांचा थोडा भाग गुपचूप छाटतात.

आता खात्री करावी. समोरून दिसणारे भिंतीवरचे गोल घड्याळ किंवा जेवणाचे गोल ताट पडद्यावर आले की चित्र थांबवावे आणि शिंप्याच्या टेपने त्याची उंची व रुंदी मोजावी. दोन्ही सारखी भरली पाहिजेत. ४:३ चित्र १६:९ मध्ये ताणलेले असेल, तर नऊ इंच उंचीचे ताट बारा इंच रुंद भरते. नायिकेचा चेहराही त्याच हिशेबाने फुगलेला असतो, फक्त सवयीने तो आपल्याला खटकेनासा होतो.

झूम योग्य ठरते ते एकाच ठिकाणी: काही जुन्या डीव्हीडींत वरखालचे पट्टे ४:३ चित्रातच छापलेले असतात, त्यामुळे रुंद टीव्हीवर चारही बाजूंनी काळी चौकट दिसते. तेथे झूम करून पाहावे आणि सबटायटल कापली जात नाहीत ना, तेवढे तपासावे.

पट्ट्यांमुळे चित्र लहान वाटते, ही तक्रार मात्र रास्त आहे. ४३ इंची टीव्हीवर सिनेमास्कोप चित्राची उंची २१ इंचांवरून सुमारे १६ इंचांवर येते. यावर उपाय खुर्ची पुढे घेण्याचा आहे: एवढ्या टीव्हीसाठी सुमारे पावणेसहा फुटांचे अंतर चांगले, आणि मुंबईतल्या वन-बीएचकेच्या हॉलमध्ये त्याहून लांब बसायला जागा तरी कोठे असते!

शेवटी रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, टीव्ही ‘सिनेमा’ मोडवर ठेवावा आणि पट्टे करडे दिसत असतील, तर बॅकलाइट थोडा कमी करावा.