चावीच्या वायरने फक्त निरोप द्यायचा

चार्जर, फॉग लॅम्प, गरम ग्रिप असं काहीही बाइकला लावायचं म्हटलं की बहुतेक जण दोनपैकी एक काम करतात. काही जण सरळ बॅटरीला जोडतात. मग चावी काढून घेतली तरी चार्जर थेंबथेंब करंट पीत राहतो, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की सेल्फ नुसताच टकटक करतो. बाकीचे हेडलॅम्पमागे चावीवर चालणारी एखादी वायर शोधून तिलाच सगळं लटकवतात. हे त्याहून वाईट. मित्रांच्या गाड्या उघडतो तेव्हा असे जोड हटकून सापडतात. काळी टेप सोडवली की हाताला चिकट लागते, कनेक्टरचं पांढरं प्लॅस्टिक एकाच पिनभोवती तपकिरी पडलेलं असतं. कंपनीने ती वायर हॉर्न-इंडिकेटरच्या हिशेबाने दिलेली असते, तिच्यावर वर आणखी चाळीस वॉट चढवले की दुसरं काय होणार?

यावर उपाय म्हणजे साधा चार पिनचा १२ व्होल्टचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चावीच्या वायरने रिलेच्या कॉइलला फक्त निरोप द्यायचा. कॉइल ओढते जेमतेम ०.१५ अँपिअर. खरा करंट बॅटरीतून वेगळ्या जाड वायरने येतो. ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. ८७ वरून लाइट किंवा चार्जरकडे. ८६ ला चावीची वायर, ८५ ला अर्थ. आतमध्ये डायोड असलेला रिले असेल तर ८५-८६ची अदलाबदल चालत नाही, रिलेवर छापलेली आकृती बघा. पाच पिनचा हाती आला तर मधली ८७ए मोकळी सोडून तिच्यावर स्लीव्ह चढवा. रिले बंद असताना तीच जिवंत असते.

आता हिशेब. २० वॉटचे दोन फॉग लॅम्प म्हणजे ४० भागिले १२, साधारण साडेतीन अँपिअर. चार्जरचे दीड-दोन धरा. मी ७.५ चा फ्यूज आणि दीड स्क्वेअर एमएमची वायर घेतो. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, लाइट वाचवायला नव्हे, म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. सीटखालून हेडलॅम्पपर्यंत वायर नेऊन तिथे फ्यूज लावला, तर मधली सगळी वायर उघड्यावरच राहिली. आणि चार्जरची स्वतःची वायर बारीक असते. तिला २ किंवा ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज द्या.

निरोपाची वायर मी मागच्या बाजूला, टेल लॅम्पच्या पार्क लाइटची किंवा ब्रेक स्विचला येणाऱ्या प्लसची घेतो. मल्टीमीटर डीसीवर ठेवून बघा: चावी बंद असताना शून्य, चालू केल्यावर १२ च्या आसपास. हँडल लॉकमध्ये पार्किंगची जागा असेल तर तिथेही चावी फिरवून बघा, काही गाड्यांत टेल लॅम्प तिथे पेटतो. जुन्या गाड्यांत लाइट थेट मॅग्नेटोच्या (इंजिनावर फिरणाऱ्या जनरेटरच्या) एसीवर चालतात, त्या वायरी कामाच्या नाहीत. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), फ्युएल पंप, एबीएस (ब्रेक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) यांच्या वायरींना कात्री लावू नका. अगदी नाही.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढा, शेवटी लावा. पान्हा प्लसवरून फ्रेमला टेकला तरी मग ठिणगी उडत नाही.

जोडाबद्दल माझं मत पक्कं आहे: सोल्डरपेक्षा चांगलं क्रिंप, म्हणजे पक्कडीने दाबून बसवलेला टर्मिनल. सोल्डर वायरीच्या आत झिरपून ती कडक करतो आणि इंजिनाच्या थरथरीने वायर नेमकी सोल्डर संपतो तिथेच तुटते. क्रिंप केल्यावर जोरात ओढून बघा, निघालं तर परत करा, मग वरून हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. दाबून लावायच्या निळ्या-लाल क्लिपा मला आवडत नाहीत, आत तारा कापल्या जातात आणि पाणी शिरतं. अर्थ रंग दिलेल्या फ्रेमला नको, सरळ बॅटरीच्या मायनसला आणा. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. स्टिअरिंगजवळ वायरीला ढील ठेवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठे ताणली जाते का ते. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब, हे सांगायला नकोच.

चावी फिरवली की रिलेचा ‘टक’ ऐकू यायला हवा. लाइट पेटवून मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी लाइटच्या प्लसवर धरा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर कुठलातरी जोड कच्चा आहे. मग इंजिन चालू करून, सगळं पेटवून, बॅटरीवर व्होल्ट मोजा. फिरत्या गाडीत साधारण १३.५ ते १४.५ हवेत. रेस दिल्यावरही १३ च्या खालीच राहत असतील तर स्टेटरला (इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या कॉइलला) एवढा भार झेपत नाही. एक फॉग लॅम्प काढा.