बांधकाम चालू असताना लाइनीच्या शेवटच्या टोकाचं पाणी चांगलं कसं ठेवावं

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या बाजूला नवीन प्लॉटिंग पडलं की आधी पाण्याची लाइन येते, घरं मागून उठतात. मधले कित्येक महिने लाइनीचं शेवटचं टोक बंद असतं आणि तिथं पाणी वापरणारं कुणी नसतं. पाणी बसून राहतं, क्लोरीन संपतो, तळाला गाळ धरतो. आपल्याकडे त्यात दोन गोष्टींची भर पडते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतो. शिवाय पाणी काही दिवसांआड येतं. मधल्या काळात रिकामी पडलेली लाइन सैल जॉइंटातून खड्ड्यातलं घाण पाणी आत ओढते.

माझ्या एका साइटवर वास्तुशांतीच्या दिवशीच नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं. तांब्यात धरलं तर तळाला काळा गाळ आणि वास गटारीचा. शेवटी टोक उकरलं. पाइपाच्या तोंडात गोणपाटाचा बोळा तसाच राहिला होता आणि वरून कॅप बसवली होती. तेव्हापासून रोज काम थांबवताना प्रत्येक उघड्या तोंडाला घट्ट प्लग लागला का, हे मी स्वतः हात लावून बघतो. खड्ड्यात पाणी असेल तर आधी ते उपसायचं, मगच पाइप जोडायचा.

टोकाला नुसती कॅप मारू नका, वॉशआउट वॉल, म्हणजे लाइन धुऊन पाणी बाहेर सोडायचा वॉल, बसवा. त्याचं तोंड गटारीत बुडता कामा नये. बुडलं, तर लाइन रिकामी होताना गटारीचं पाणी आत येईल. बांधकामाच्या नळाची रबरी नळीही हौदात बुडवून ठेवू नका, कारण तेच.

लाइन पूर्ण झाली की आधी जोराने धुवा. पाणी सेकंदाला किमान ०.९ मीटर वेगाने धावलं तरच गाळ उचलला जातो. १०० मिलिमीटरच्या लाइनीत म्हणजे सेकंदाला सुमारे ७ लिटर, २०० लिटरचा बॅरल अर्ध्या मिनिटात भरला पाहिजे. तेवढा जोर नसेल तर चावीवाल्याला सांगून बाजूचे वॉल बंद करून घ्या, सगळं पाणी एकाच लाइनीत येऊ द्या. पांढऱ्या बादलीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका.

मग निर्जंतुकीकरण. १०० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला सुमारे ७.८५ लिटर पाणी मावतं, १०० मीटरला ७८५ लिटर. लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीन हवा, म्हणजे २५ टक्के ताकदीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ८० ग्रॅमच्या आसपास. जुनी, ओलसर झालेली पावडर वापरू नका, तिची ताकद गेलेली असते. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि लाइन भरताना वरची निवळी सुरुवातीपासून सारखी सोडत राहा. त्या काळात चालू लाइनीकडचा वॉल आणि घरांच्या जोडण्या पक्क्या बंद. हे कडक पाणी कुणाच्या हंड्यात जाता कामा नये.

२४ तासांनी तपासा. टोकाला किमान १० मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा, नसेल तर पुन्हा धुवा आणि पुन्हा भरा. क्लोरीन मोजायच्या डीपीडी किटला एवढा क्लोरीन झेपत नाही, रंग उडतो आणि क्लोरीन नाहीच असं वाटतं. म्हणून एक भाग नमुन्यात नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर घालून तपासा आणि आकडा दहाने गुणा. नंतर टोकाचा क्लोरीन चालू लाइनीइतका उतरेपर्यंत लाइन धुवा. कडक पाणी झाडांना किंवा ओढ्याला सोडू नका, आधी हायपो (सोडियम थायोसल्फेट, हायपोक्लोराइट नव्हे) घालून क्लोरीन मारा. शेवटी निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन लॅबला द्या. १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म (घाण पाणी मिसळल्याची खूण असलेले जिवाणू) सापडता कामा नये. अहवाल येईपर्यंत जोडणी देऊ नका, घरमालकाने कितीही घाई केली तरी.

इथून पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच बहुतेकांकडून सुटतं. सगळी घरं राहायला येईपर्यंत, पाणी येईल त्या दिवशी सुरुवातीलाच टोकाचा वॉशआउट उघडा. पहिलं गढूळ पाणी जाऊ द्या, मग क्लोरीन बघा: ०.२ मिलिग्रॅमच्या खाली नको. तारीख, वेळ, आकडा वहीत लिहा. स्वच्छ पाणी यायला लागलं की ते टाकीत धरून क्युरिंगला, म्हणजे नव्या बांधकामावर मारायला, वापरा. पाण्याची पाळी बघून दिवस काढणाऱ्या शेजाऱ्यांसमोर ते रस्त्यावर सोडवत नाही.

पुढच्या टप्प्याचं काम जवळ आलं असेल तर टोक शेजारच्या लाइनीला जोडून घेण्याचा आग्रह धरा. दोन्हीकडून वाट मिळाली की पाणी बसून राहत नाही.