ईकोवरचा सेगमेंट, फ्लुरोवरची शीर

सीआरटीच्या (हृदयाच्या भिंती एका तालात आकुंचन पावाव्यात म्हणून खास पेसमेकर बसवण्याच्या) केसला मला, ईको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणारीला, पहिल्यांदा कॅथ लॅबमध्ये बोलावलं, तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. हृदय कमजोर झालेल्या पेशंटची सगळ्यात उशिरा आकुंचन पावणारी भिंत मी स्पेकल ट्रॅकिंगने (ईकोवर स्नायूची हालचाल मोजून) आदल्याच दिवशी शोधली होती; पेसमेकरची तार, म्हणजे लीड, तिथे न्यायची असते. ‘‘लॅटरल, मिड,’’ मी सांगितलं, म्हणजे बाहेरची भिंत, मधला भाग. लीड बसवणारे सर म्हणाले, ‘‘इथं दाखव.’’ फ्लुरोवर, म्हणजे चालत्या एक्स-रेवर, आरएओ (उजवीकडून तिरका) व्ह्यू होता. मी बोट ठेवलं खरं, पण त्या व्ह्यूमध्ये सेप्टम (मधला पडदा) आणि लॅटरल भिंत एकमेकींवर येतात. माझं बोट नेमकं कशावर आहे, ते मलाही कळेना.

म्हणून नव्यांनी आधी एवढंच शिकावं. एलएओ (डावीकडून तिरक्या) व्ह्यूमध्ये डावं व्हेंट्रिकल, म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा, घड्याळाची तबकडी: 12 वर अँटिरिअर (पुढची भिंत), 3 वर लॅटरल, 6 कडे इन्फिरिअर (खालची). बेस (वरचा रुंद भाग), मिड की एपेक्स (खालचं टोक), ते आरएओवरून ठरवायचं. दोन्ही व्ह्यू जोडल्याशिवाय जागा पक्की होत नाही. मी 17 सेगमेंटचं बुल्सआय (डाव्या व्हेंट्रिकलच्या भागांचा गोल नकाशा) कागदावर काढून त्याभोवती तास लिहायचे. पोरकट वाटायचं, पण हात बसला तो त्यामुळेच.

मग जागेची निवड. 2012 च्या टार्गेट चाचणीत 220 पेशंट होते. ईकोवर ठरवलेल्या जागेकडे लीड नेलेल्या गटात 70 टक्के जणांना प्रतिसाद मिळाला, नेहमीच्या पद्धतीत 55 टक्के. मॅडिट-सीआरटी या दुसऱ्या चाचणीच्या विश्लेषणात एपेक्सजवळच्या लीड महागात पडल्या. एमआरआयवर स्कार (मेलेल्या स्नायूचा व्रण) दिसला तर ती जागा सोडा. मेलेल्या स्नायूला पेस करून काय मिळणार?

पण अडतं ते शिरेपाशी. लीड कोरोनरी सायनस या हृदयाच्या मोठ्या शिरेमधून जाते, त्यामुळे शीर जिथे असेल तिथेच ती पोचणार. म्हणून बलून फुगवून काढलेला व्हेनोग्राम (शिरांचं एक्स-रे चित्र) नीट, शेवटपर्यंत पाहा. बारीक फांद्या उशिरा भरतात. चांगली शीर मिळूनही डायफ्राम (श्वासाचा पडदा) हलवणारी फ्रेनिक नर्व्ह जवळ असली की पेस करताच तो उडतो. अशा वेळी चार इलेक्ट्रोडची लीड वाचवते: लीड न हलवता दुसरी जोडी निवडता येते.

एक इशारा, कारण ईकोवाल्यांना याचा मोह फार. उशिरा हलणारी भिंत दिसली म्हणून पेशंट सीआरटीचा ठरत नाही. इको-सीआरटी चाचणीत क्यूआरएस (ईसीजीवर व्हेंट्रिकलमधून विद्युतलहर पसरायला लागणारा वेळ) 130 मिलिसेकंदांहून कमी, पण ईकोवर डिससिंक्रनी (भिंतींची बेताल हालचाल), असे पेशंट घेतले होते. चाचणी मध्येच थांबवली. सीआरटी चालू असलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. आधी ईसीजी, मग आपलं चित्र.

आता माझ्या रिपोर्टच्या शेवटी तीन ओळी असतात: ‘पहिली पसंती 3 ते 4, मिड. नाही जमलं तर 2 ते 3, बेसकडे. 5 च्या पुढे स्कार, नको.’ सर ती चिठ्ठी फ्लुरोच्या पडद्याशेजारी चिकटवतात.