केनियातील ख्रिस्ती बालग्रामात राहायला जाताना : सोलापूरकरांसाठी मार्गदर्शन

पश्चिम केनियाच्या ग्रामीण भागात ख्रिस्ती मंडळ्यांच्या आधाराने चालणारी बालग्रामे आहेत. तेथे काही आठवडे राहून हातभार लावावा, अशी इच्छा सोलापुरातील मंडळ्यांमधील परिचारिका, निवृत्त शिक्षक आणि तरुण मंडळी अधूनमधून बोलून दाखवतात. अशांनी सर्वांत आधी हे ध्यानात घ्यावे की बालग्राम हे वसतिगृह नसते. हर्मान ग्माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियातील इम्स्ट येथे जी रचना सुरू केली, तिच्या धर्तीवर आठ-दहा मुलांचे एक घर, त्या घराची एक गृहमाता, आणि सख्खी भावंडे शक्यतो एकाच छपराखाली, अशी येथील मांडणी असते. त्यामुळे आपण एखाद्या संस्थेत नव्हे, तर एका चालत्या संसारात पाहुणे म्हणून जात असतो. तो संसार विस्कळीत न करता उपयोगी कसे पडावे, हे पुढे सांगितले आहे.

जावे की नाही

हा प्रश्न तिकिटाआधी सोडवावा. निराधार मुलांना संस्थेत ठेवण्यापेक्षा नातलगांकडे किंवा पालक कुटुंबात वाढवावे, अशी दिशा संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी दिली आहे. केनियानेही २०१७ मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणी थांबवली आणि २०२२ ते २०३२ या काळासाठी मुलांना कुटुंबांकडे परत नेण्याचे धोरण आखले. म्हणून आपण ज्या बालग्रामात जाणार, त्यांना लेखी प्रश्न विचारावेत : नोंदणी चालू आहे काय, किती मुलांचे आईवडील किंवा आजी-आजोबा हयात आहेत, आणि त्यांच्या भेटीगाठींची व्यवस्था कोण पाहते? या प्रश्नांनी ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, तेथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट जे बालग्राम आपल्याकडेच पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि मंडळीच्या पाळकांचे पत्र मागते, त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींसाठी पंडिता रमाबाईंनी ज्या केडगावात काम उभे केले, ते स्थानक पुण्याला जाताना आपल्या गाडीच्या वाटेवरच लागते. त्यामुळे अशा कामाबद्दलचा आदर आपल्याकडे जुना आहे. पण आदर असला म्हणजे चौकशी करू नये, असे होत नाही.

केव्हा जावे, काय न्यावे

केनियातील शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि ते तीन सत्रांचे असते. एप्रिल, ऑगस्ट आणि वर्षअखेर अशा सुट्ट्यांत पुष्कळ मुले नातलगांकडे जातात आणि जावीतही, तेव्हा आपल्या सवडीसाठी त्यांना थांबवून घेण्याची वेळ आणू नये. आपली उन्हाळ्याची सुट्टी तेथील मार्च ते मे या मोठ्या पावसाळ्याशी जुळते, तर दिवाळीच्या सुमारास त्यांचा छोटा पाऊस आणि वरच्या वर्गांच्या परीक्षा चालू असतात. सोयीचा काळ म्हणजे जून आणि जुलै.

२०२४ च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना सुरू केला आहे. मात्र पर्यटकाचा परवाना कामासाठी, अगदी बिनपगारी कामासाठीही, चालेल असे गृहीत धरू नये आणि कोणती परवानगी लागेल हे बालग्रामाच्या कार्यालयाकडून लेखी मागवावे. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या ठरावीक केंद्रांवरच मिळते. ती निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. ते नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. पश्चिम केनियात, विशेषतः व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला, मलेरिया मोठ्या प्रमाणात आहे; त्यामुळे प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि मच्छरदाणीशिवाय एक रात्रही झोपू नये.

सामान बांधताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरी बॅगांना बंदी आहे, तेव्हा शेंगाचटणी असो वा चपला, सर्व काही कापडी पिशव्यांत भरावे. तेथील विजेची सॉकेटे तीन चपट्या पिनांची, ब्रिटिश पद्धतीची असतात, म्हणून आपल्या पिनांसाठी अडॅप्टर बरोबर न्यावा. भेट द्यायचीच असेल तर सोलापुरी चादर उत्तम, कारण उंचावरच्या भागात रात्री गारठा असतो. पण ती गृहमातेच्या हाती, घरासाठी म्हणून द्यावी. एका मुलाला वेगळी भेट दिली की उरलेल्या नऊ जणांची समजूत गृहमातेला काढावी लागते आणि तोवर आपण निघून आलेले असतो.

बालग्रामाचा दिवस

विषुववृत्ताजवळ असल्याने सूर्य वर्षभर साडेसहाच्या आगेमागे उगवतो आणि तेवढ्याच सुमारास मावळतो, मात्र मुले अंधारातच उठतात. गृहमाता जिको, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटवते आणि नाचणीच्या किंवा मक्याच्या पिठाची पातळ उजी चढवते. मोठी मुले अंगण झाडतात, पाणी आणतात, धाकट्यांना आंघोळ घालून गणवेश चढवतात. या घाईत नवख्याने मध्ये लुडबुड करू नये. पहिले काही दिवस नुसते पाहावे, कोणते काम कोणाचे हे समजून घ्यावे, आणि गृहमातेने सांगितलेले एखादेच काम अंगावर घ्यावे. मुलांच्या हातातून झाडू काढून घेणे ही माया वाटते खरी, पण त्या घरात ज्याचे त्याचे काम हा त्याचा मानही असतो. कामापायी एखाद्याची शाळा बुडताना दिसली, तर मात्र गप्प न बसता व्यवस्थापकांशी बोलावे.

वेळ ठरवताना जपावे, कारण स्वाहिली बोलणारे लोक तास सूर्योदयापासून मोजतात आणि सकाळी सात वाजता त्यांचा एक वाजलेला असतो. घड्याळ तेथे आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते, हे घरी फोन करतानाही लक्षात ठेवावे.

मुले शाळेत गेल्यावर जो वेळ मोकळा राहतो, तोच पाहुण्याच्या खऱ्या उपयोगाचा असतो. परिचारिकेने दवाखान्यातील लसीकरणाच्या नोंदी नीट लावाव्यात. हिशेब जाणणाऱ्याने धान्य-साठ्याची वही घालून द्यावी. गणवेश शिवण्यात सोलापूरचे नाव आहे; म्हणून शिवणकाम येणाऱ्याने फाटलेले गणवेश स्वतः शिवत बसण्याऐवजी दोन गृहमातांना किंवा मोठ्या मुलींना कापड बेतणे आणि मशिनची दुरुस्ती शिकवावी. आपण परतल्यावरही जे चालू राहील तेच काम निवडावे. भिंती रंगवण्यासाठी तेथे रंगारी मिळतात आणि त्या रोजंदारीची त्यांना गरज असते, त्यामुळे हौसेखातर ते काम आपल्याकडे घेऊ नये.

दुपारी बहुधा गिथेरी, म्हणजे मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र शिजवलेले, मिळते. रात्री उगाली आणि सुकुमा विकीची पालेभाजी. उगाली ही मक्याच्या पिठाची घट्ट उकडच समजावी : उजव्या हाताने गोळा मोडायचा, अंगठ्याने त्यात खळगा करायचा आणि भाजी उचलायची. जेवणाआधी कोणीतरी तांब्यातून पाणी घालून सर्वांचे हात धुवते, तो मान एखाद्या दिवशी आपण मागून घ्यावा. भाकरीची आठवण आली तर हेही आठवावे की आपली ज्वारी मुळात पूर्व आफ्रिकेकडचीच आहे. मांसाहार क्वचित असतो आणि पाहुण्यासाठी कोंबडी कापली तर नाही म्हणू नये. पाणी मात्र उकळलेलेच प्यावे.

अंधार पडला की अभ्यास, जेवण आणि घरातील प्रार्थना असा क्रम असतो. प्रार्थना मुलेच चालवतात. पाळीनुसार वचन वाचले जाते, गाणी होतात, दिवसभरातील भांडणेही कधीकधी तेथेच मिटतात. पाहुण्याने तेथे प्रवचन करू नये, मागे बसून ऐकावे. मुलांनी आग्रह केला तर एखादे मराठी भजन टाळीवर शिकवावे, ते लगेच उचलले जाते. शनिवार हा कपडे, बूट, केस आणि शांबाचा, म्हणजे शेताचा असतो. रविवारची उपासना कित्येक तास चालते, ढोल वाजतात, आणि पाहुण्याला उभे राहून बोलायला सांगतात; त्यासाठी दोन मिनिटांचे अभिवादन आधीच तयार ठेवावे.

मुलांशी वागताना

मूल एकटे असताना त्याच्याबरोबर बंद खोलीत बसू नये, त्याचे पूर्वायुष्य विचारू नये, आणि त्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. लहान मुले पहिल्याच दिवशी गळ्यात पडतील. त्यांना दूर लोटू नये, पण रडणाऱ्या मुलाला आपण उचलण्याऐवजी गृहमातेकडे न्यावे, कारण त्याने सांत्वनासाठी तिच्याकडेच वळायला हवे. 'मी पुन्हा येईन' असे खात्री नसताना कधीही म्हणू नये. जाण्याची तारीख आल्या दिवशीच सांगावी आणि निरोप दिवसाउजेडी, सर्वांसमक्ष घ्यावा.

परतल्यावर पत्रे आणि देणग्या कार्यालयामार्फतच पाठवाव्यात. मोठ्या मुलांशी परस्पर फोनवर संपर्क ठेवू नये. मंडळीत अनुभव सांगताना मुलांची नावे आणि त्यांच्या घरच्या कथा गाळाव्यात. आणि पुढील काही महिन्यांत ताप आलाच, तर सोलापुरातील डॉक्टरांना केनियाचा प्रवास पहिल्याच वाक्यात सांगून त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे.